उजनीचं पाणी किती हटलं? उपग्रहाच्या फोटोंवरून धरण मोजायची रीत, पहिल्या पायरीपासून

आमची शेती उजनीच्या बॅकवॉटरवर, करमाळा तालुक्याच्या बाजूला. जानेवारी २०२४ मध्येच धरण मायनसमध्ये गेलं, तेव्हा काठावरच्या प्रत्येक घरात एकच हिशेब चालू होता: पाणी अजून किती हटणार आणि मोटार तिथवर न्यायला किती पाइप लागणार? पीव्हीसीचा एक पाइप वीस फुटांचा. पाणी शंभर मीटर मागं सरलं की सतरा पाइप वाढले. केबल वेगळी, चारी खोदायला जेसीबीचं भाडं वेगळं. काठाला उतार कमी असेल तिथे शंभर मीटर जायला फार दिवस लागत नाहीत.

त्या उन्हाळ्यात मी उपग्रहाचे फोटो वाचायला शिकले. सगळं फुकट मिळतं आणि घरच्या साध्या लॅपटॉपवर चालतं. तरी मला अख्खा उन्हाळा गेला, कारण माहिती दहा ठिकाणी विखुरलेली होती आणि बहुतेक लिखाण संशोधकांसाठी होतं. तुम्हाला दोन-तीन संध्याकाळींत जमावं म्हणून पायऱ्या क्रमाने लिहिते आहे. उदाहरण उजनीचं घेतलंय, पण रीत जायकवाडीला, गोसीखुर्दला किंवा गावच्या पाझर तलावालाही तीच.

आधी एक गोष्ट पक्की करा: फोटोत पसारा दिसतो, साठा दिसत नाही

उपग्रह वरून बघतो. पाणी किती जागेवर पसरलंय हे तो सांगतो, खाली किती खोल आहे ते सांगत नाही. कोयना आणि जायकवाडी शेजारी ठेवून बघा. दोन्ही धरणांची एकूण क्षमता शंभर टीएमसीच्या थोडी वर (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). पण कोयनेचा शिवसागर डोंगरांच्या मधे अरुंद आणि खोल, पूर्ण भरल्यावर त्याचा पसारा सुमारे ११५ चौरस किलोमीटर. पैठणचा नाथसागर सपाट मुलखात पसरलेला, त्याचा पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. नुसते फोटो बघितले तर नाथसागरात कोयनेच्या तिप्पट पाणी आहे असं वाटेल.

उजनीत आणखी एक गाठ आहे. एकूण क्षमता ११७.२३ टीएमसी, त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. पेपरात येणारी टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्यावर काढलेली असते. म्हणून 'उजनी शून्य टक्के' झाली त्या दिवशीही खाली जवळपास ६४ टीएमसी पाणी असतं. उणे ५० टक्के म्हणजे मृतसाठ्यातलं सुमारे २७ टीएमसी उचललं गेलं आणि ३७ टीएमसी उरलं. फोटोत या शून्याची काहीच खूण नसते. त्यामुळे 'धरण शून्यावर आहे पण फोटोत तर एवढं पाणी दिसतंय' असा गोंधळ नव्या माणसाचा हमखास होतो. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात.

१. प्रश्न एका वाक्यात लिहून काढा

'धरणावर लक्ष ठेवायचं' हा प्रश्न झाला नाही. 'आमच्या फाट्यातलं पाणी १ मार्च ते ३१ मे या काळात किती मीटर मागं गेलं?' हा प्रश्न झाला. (फाटा म्हणजे मुख्य पात्रातून बाजूला शिरलेला धरणाच्या पाण्याचा हात.) 'गेल्या आठ वर्षांत मे अखेरीस पसारा किती होता?' हाही झाला. पहिल्याला पाच-पाच दिवसांचे फोटो लागतात, दुसऱ्याला वर्षाकाठी एक पुरतो. प्रश्न ठरला नाही तर तुम्ही दोनशे फोटो उतरवाल आणि हाती काही लागणार नाही.

तारखांची शिस्त इथूनच पाळा. ऑक्टोबरचा फोटो एप्रिलच्या फोटोशेजारी ठेवून 'धरण आटलं' म्हणणं चूक आहे, धरण दर वर्षीच आटतं. तुलना करायची तर मेच्या शेवटच्या आठवड्याची मेच्या शेवटच्या आठवड्याशी.

२. काय काय लागेल

- लॅपटॉप किंवा संगणक. मोबाइलवर फोटो बघता येतात, मोजणी नीट होत नाही.
- एक ईमेल पत्ता, कोपर्निकस डेटा स्पेस या युरोपच्या उपग्रहांचे फोटो देणाऱ्या संकेतस्थळावर खातं उघडायला. पैसे नाहीत, कार्ड नाही, ओळखपत्र नाही.
- क्यूजीआयएस हे नकाशे मोजायचं मोफत सॉफ्टवेअर.
- धरणाच्या पातळीचे आणि साठ्याचे सरकारी आकडे. राज्याच्या जलसंपदा विभागाचा रोजचा साठा आणि केंद्रीय जल आयोगाचं साप्ताहिक पत्रक, दोन्ही सगळ्यांना बघता येतात.
- एक वही. ती कशाला, ते शेवटी येईलच.

गुगल अर्थ इंजिन हे आणखी ताकदीचं साधन आहे. बिगरव्यापारी कामासाठी ते फुकट आहे, पण त्यात थोडं कोड लिहावं लागतं. पहिल्याच दिवशी तिकडे जाऊ नका. हाताने चार फोटो मोजून झाल्याशिवाय कोड काय करतंय ते कळत नाही आणि चुकलं तर सापडत नाही.

३. पहिला फोटो उघडा

खातं उघडलेल्या संकेतस्थळावरचा कोपर्निकस ब्राउझर उघडा. शोधपेटीत गावाचं नाव टाका, नाहीतर आकडे टाका: उजनीची भिंत साधारण १८.०७ उत्तर, ७५.१२ पूर्व. डावीकडे उपग्रह निवडायचा असतो, तिथे सेंटिनेल-२ आणि त्यातला 'एल२ए' हा प्रकार घ्या. यात हवेतल्या धुरक्याचा परिणाम काढून टाकलेला असतो. 'एल१सी' कच्चा असतो. दोन तारखांची तुलना करताना एक फोटो एल१सी आणि दुसरा एल२ए असं कधीच करू नका.

सेंटिनेल-२ हे युरोपचे जोडीने फिरणारे उपग्रह. पहिला २०१५ साली गेला, दुसरा २०१७ साली. जोडी मिळून पाच दिवसांनी त्याच जागेवर येते, आपल्याकडे सकाळी अकराच्या सुमारास. फोटोतला एक ठोकळा, म्हणजे पिक्सेल, १० मीटर बाय १० मीटरचा. आमच्या भाषेत दीड पाइपापेक्षा थोडा जास्त. म्हणून पाणी सहा मीटर हटलं हे यावर दिसणार नाही, साठ मीटर हटलं तर स्वच्छ दिसेल.

ढगांची पट्टी दहा टक्क्यांवर आणा आणि तारीख निवडा. पहिल्यांदा बघताना मे २०२४ ची एक तारीख आणि त्याच वर्षी पावसाळ्यानंतरची, ऑक्टोबरातली एक तारीख घ्या. त्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं आणि ऑगस्टमध्ये ते पूर्ण भरलं. 'कंपेअर' मध्ये दोन्ही फोटो टाकून मधली पट्टी डावी-उजवीकडे सरकवा. मेच्या फोटोत मुख्य पात्राच्या दोन्ही बाजूंचे फाटे तुटलेले दिसतील आणि काठाला फिकट तपकिरी पट्टा दिसेल. ती उघडी पडलेली गाळाची जमीन. इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं जुनं मंदिर अशा वेळी पाण्याबाहेर येतं. मंदिर एक-दोन ठोकळ्यांचं, ते फोटोत ओळखू येत नाही. पण त्याच्या भोवतालची जमीन निळ्याची तपकिरी झालेली दिसते. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा बराच वेळ ती पट्टी मागेपुढे सरकवत बसले होते. लहानपणापासून काठावर उभं राहून बघितलेलं पाणी अख्खं एका नजरेत मावलं होतं.

४. पाणी वेगळं काढा

साध्या रंगीत फोटोत गढूळ पाणी आणि ओली काळी जमीन सारखीच दिसते. म्हणून डोळ्यावर विसंबायचं नाही. उपग्रह डोळ्याला न दिसणारा प्रकाशही टिपतो. निअर इन्फ्रारेड प्रकाश पाणी जवळजवळ गिळून टाकतं, तर माती आणि विशेषतः हिरवं पीक तो परत फेकतं. त्याच्याही पलीकडचा शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड पाणी आणखी जास्त गिळतं. या फरकावर दोन निर्देशांक बांधलेले आहेत:

- एनडीडब्ल्यूआय: हिरवा वजा निअर इन्फ्रारेड, भागिले दोघांची बेरीज. सेंटिनेल-२ मध्ये बँड ३ आणि बँड ८ (बँड म्हणजे एका प्रकारच्या प्रकाशाची वेगळी नोंद).
- एमएनडीडब्ल्यूआय: हिरवा वजा शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड, भागिले दोघांची बेरीज. बँड ३ आणि बँड ११.

उत्तर नेहमी उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये येतं. पाणी साधारण शून्याच्या वर, जमीन शून्याच्या खाली. ब्राउझरमध्ये एनडीडब्ल्यूआय तयार मिळतो. एमएनडीडब्ल्यूआय हवा असेल तर 'कस्टम' मध्ये 'इंडेक्स' उघडून दोन बँड ओढून चौकटीत टाकले की झालं. आजूबाजूला घरं, शेड, सिमेंटची बांधकामं असतील तर दुसरा बरा, कारण पहिल्यात छपरंही कधी कधी पाणी म्हणून येतात. फक्त त्यातला बँड ११ हा २० मीटरच्या ठोकळ्याचा आहे, हे ध्यानात ठेवा.

सीमारेषेचा आकडा कुठला धरायचा? सुरुवात शून्यापासून करा, पण तिथेच थांबू नका. तुम्हाला पक्क्या माहीत असलेल्या पाच जागा घ्या: भिंतीजवळचं खोल पाणी, कडेचं उथळ पाणी, ओला गाळ, कोरडा गाळ, उसाचं रान. प्रत्येक जागेचा निर्देशांक लिहा. उथळ पाणी आणि ओला गाळ यांच्या मधला आकडा ही तुमची सीमा. ती एकदा ठरली की सगळ्या तारखांना तीच लावायची. एका महिन्याला शून्य आणि दुसऱ्या महिन्याला ०.१ असं केलं तर पाणी न हलता पसारा बदललेला दिसेल.

जलपर्णीचा सापळा

याला मी पायरीचा क्रमांक देत नाही, पण सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एका फेब्रुवारीत निर्देशांकाच्या नकाशावर भिगवणच्या बाजूच्या एका फाट्यातलं पाणी आठवड्यात निम्मं झालेलं दिसलं. मी खात्रीने सांगितलं की पाणी हटलंय. ओळखीच्या एका शेतकऱ्याने माझ्या शब्दावर मोटार पुढे नेली, पाइप जोडले, मजुरी दिली. पाणी होतं तिथेच होतं. वाऱ्याने जलपर्णी त्या फाट्यात येऊन दाटली होती. वरून बघणाऱ्याला ती हिरवं रान दिसते, आणि निर्देशांक तिला जमीनच म्हणतो. तो खर्च माझ्यामुळे झाला, हे मी विसरलेले नाही.

पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं. त्या खतावर जलपर्णी आणि शेवाळ दोन्ही माजतात. म्हणून उजनीवर काम करणाऱ्याने हे आधीच गृहीत धरावं. ओळखायचं असं:

फॉल्स कलर हा थर लावा. त्यात हिरवी झाडं लाल दिसतात. जलपर्णी भडक लाल, शेतातलं पीकही लाल. पण शेताला बांध असतात, सरळ कडा असतात, चौकोन असतात. जलपर्णीला नसतात. मग पाच दिवसांनंतरचा फोटो लावा. लाल पट्टा सरकला किंवा त्याचा आकार बदलला तर ती जलपर्णी. रान जागचं हलत नाही. हटलेल्या जमिनीवर गाळपेर केली असेल, कलिंगड, काकडी, मका लावला असेल, तर लाल रंग तिथेच राहून आठवड्या-आठवड्याला गडद होत जातो.

जलपर्णी आहे असं ठरलं तर ते क्षेत्र हाताने पाण्यात धरा आणि वहीत तसं लिहा. शेवाळाचं पाणी हिरवट दिसतं आणि निर्देशांक खाली ओढतं. तिथे एमएनडीडब्ल्यूआय जास्त खरा निघतो.

५. मोजणी

ब्राउझरमधून फोटो उतरवताना 'अॅनालिटिकल' हा पर्याय घ्या आणि टिफ प्रकारात बँड ३, ८ आणि ११ घ्या. जेपीजी घेऊ नका, त्यात मूळ आकडे राहत नाहीत. दोन गोष्टी तपासूनच बटण दाबा.

पहिली, रिझोल्यूशन. निवडलेला भाग मोठा असेल तर ब्राउझर ठोकळा आपोआप मोठा करतो. तुम्हाला वाटतं १० मीटर, हातात येतं २५ मीटर. उजनी लांबट आहे, तिचे दोन-तीन तुकडे करून उतरवा.

दुसरी, नकाशाची पद्धत. अक्षांश-रेखांशाच्या पद्धतीत उतरवलेल्या फोटोत क्षेत्रफळ अंशांत येतं आणि ते निरर्थक असतं. यूटीएम झोन ४३ उत्तर निवडा. ७२ ते ७८ पूर्व रेखांशांमध्ये हाच चालतो, म्हणजे कोकण, पश्चिम महाराष्ट्र आणि बहुतेक मराठवाडा. गोसीखुर्द किंवा तोतलाडोह मोजणाऱ्यांनी झोन ४४ घ्यायचा.

आता क्यूजीआयएसमध्ये धरणाभोवती एक बहुभुज काढा. तो पूर्ण भरलेल्या पाण्याच्या थोडा बाहेरून काढा आणि सगळ्या तारखांना तोच वापरा, नाहीतर शेजारची शेततळी आणि कालवे कधी मोजणीत येतील, कधी सुटतील. फोटो या बहुभुजाने कापून घ्या. मग रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये निर्देशांक काढा आणि सीमेच्या वर असेल तिथे १, नाहीतर ० असा नकाशा बनवा. शेवटी 'रास्टर लेयर युनिक व्हॅल्यूज रिपोर्ट' चालवा. किती ठोकळे १ आहेत ते समोर येतं. १०० ठोकळे म्हणजे एक हेक्टर, १०,००० ठोकळे म्हणजे एक चौरस किलोमीटर.

उत्तर किती काटेकोर धरायचं, हेही बघा. काठावरचा प्रत्येक ठोकळा अर्धा पाणी, अर्धी जमीन असतो. शंभर किलोमीटर काठ असेल तर असे दहा हजार ठोकळे होतात, म्हणजे एक चौरस किलोमीटर संशयाचं. उजनीसारख्या असंख्य फाट्यांच्या धरणाचा काठ याहून लांब भरतो. तेव्हा पसारा दशांशाच्या पुढे दोन आकडे देऊन सांगू नका.

जानेवारी २०२२ च्या आधीचे आणि नंतरचे सेंटिनेल-२ चे मूळ फोटो जुळवणाऱ्यांसाठी एक सूचना. २५ जानेवारी २०२२ पासून मूळ आकड्यांत १,००० मिळवलेले असतात. ते वजा केले नाहीत तर निर्देशांक उगीच बदलतो. अर्थ इंजिनमध्ये 'हार्मोनाइज्ड' नावाचा संच घेतला की हा त्रास उरत नाही.

६. पावसाळ्यात रडार

जून ते सप्टेंबर सेंटिनेल-२ चे बहुतेक फोटो नुसते पांढरे येतात. नेमकं धरण भरत असतं तेव्हाच. तिथे सेंटिनेल-१ कामाला येतो. तो स्वतः रडारच्या लहरी सोडतो आणि परत आलेल्या टिपतो, त्यामुळे ढग आणि अंधार आड येत नाहीत. संथ पाण्यावरून लहरी आरशासारख्या दुसरीकडे उडून जातात आणि पाणी काळं दिसतं. जमीन खडबडीत, ती उजळ दिसते. 'व्हीव्ही' हा थर घ्या. काळ्याची सीमा बहुधा उणे १५ ते उणे १८ डेसिबलच्या दरम्यान पडते, पण तुमच्या धरणापुरती ती पाच जागांवर तपासूनच ठरवा.

जोराचा वारा असेल तर पाण्यावर लाटा उठतात आणि पाणी उजळ होतं, म्हणजे रडारला जमीन वाटतं. जलपर्णीही रडारला जमीनच वाटते. सह्याद्रीतल्या धरणांवर डोंगराची रडार-सावली काळी पडते आणि पाणी म्हणून मोजली जाते. उजनी-जायकवाडीला हा शेवटचा त्रास नाही, भंडारदरा-कोयनेला आहे. तिथे हिवाळ्यातल्या साध्या फोटोतही डोंगराच्या लांब सावल्या पाण्यात मिसळतात.

नदीबद्दल थोडं

नदीला हीच रीत लावायची, पण पात्र निदान तीस-चाळीस मीटर रुंद असलं पाहिजे. त्याहून अरुंद ओढ्याचा एकही ठोकळा निखळ पाण्याचा मिळत नाही. भीमेवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे मात्र छान दिसतात. बर्गे घातले की वरच्या अंगाला पाण्याची जाड रेघ उमटते, काढले की बारीक होते.

पुराच्या बाबतीत सांगली-कोल्हापूरकरांनी एक ध्यानात घ्यावं. कृष्णा-पंचगंगेचं पाणी उसात शिरतं तेव्हा ऊस पाण्याच्या वर उभा असतो. सेंटिनेल-१ च्या लहरी उसाच्या पाल्यावरून परततात आणि खालचं पाणी नकाशावर येतच नाही. पुराचा नकाशा म्हणून जे दिसतं ते कमीत कमी आहे असं समजा. नुकसानीच्या अर्जाला तो एकटा पुरावा म्हणून जोडू नका, शेतातले तारखेचे फोटो सोबत द्या.

७. जुनी वर्षं बघायची असतील तर

सेंटिनेल-२ च्या आधीसाठी अमेरिकेचा लँडसॅट. लँडसॅट-५ ची नोंद १९८४ पासूनची, ठोकळा ३० मीटरचा, त्याच जागेवर फेरी सोळा दिवसांनी. लँडसॅट-७ मध्ये मे २००३ नंतर बिघाडामुळे फोटोभर तिरप्या काळ्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्यांना जमीन धरू नका.

एवढं स्वतः करायचं नसेल तर युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने १९८४ पासूनचे लँडसॅटचे फोटो मोजून जगाचा तयार नकाशा केलेला आहे, ग्लोबल सरफेस वॉटर नावाचा. त्यात प्रत्येक ठोकळ्यावर पाणी किती टक्के वेळा दिसलं ते रंगाने कळतं. आपल्या फाट्याचा भाग त्यात बघितला की कुठे बाराही महिने पाणी असतं आणि कुठे फक्त भरलेल्या वर्षी, हे लगेच समजतं. मोटारीची जागा कायमची ठरवणाऱ्याने हा नकाशा आधी बघावा.

८. पसाऱ्यावरून साठा

साठा काढायला दोन वाटा आहेत. सोपी वाट म्हणजे धरणाचा क्षेत्र-क्षमता तक्ता. कुठल्या पातळीला किती पसारा आणि किती साठा, हे धरण बांधतानाच मोजून त्यात मांडलेलं असतं. तुमचा पसारा तक्त्यात शोधायचा आणि समोरचा साठा वाचायचा. पण धरण जसं गाळाने भरतं तसा जुना तक्ता खोटा पडत जातो.

दुसरी वाट फरकाची. दोन तारखांचा पसारा तुम्ही मोजला आणि त्याच दोन दिवसांची पातळी सरकारी आकड्यांतून घेतली, तर मधल्या थरातलं पाणी असं निघतं: दोन्ही क्षेत्रफळांची बेरीज, त्यात दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ मिळवा, पातळीतल्या फरकाने गुणा आणि तीनने भागा. समजा पसारा १२० चौरस किलोमीटरवरून १०० वर आला आणि पातळी एक मीटर उतरली. गुणाकाराचं वर्गमूळ १०९.५, तिन्हींची बेरीज ३२९.५, भागिले तीन म्हणजे सुमारे ११० दशलक्ष घनमीटर, सरकारी भाषेत दलघमी. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. म्हणून हे पाणी ३.९ टीएमसीच्या आसपास.

याच हिशेबाने धरणातला गाळही काढतात. एकाच पातळीला पूर्वी जेवढा पसारा होता त्याहून आता कमी भरतो, तो फरक गाळाचा. केंद्रीय जल आयोग आणि नाशिकची मेरी संस्था उपग्रहाच्या फोटोंवरून असा अभ्यास करत आल्या आहेत. मृतसाठ्याच्या तळाचा गाळ मात्र यात येत नाही, कारण तेवढं खाली पाणी जातच नाही आणि फोटोला काठच मिळत नाही. तिथे होडीतून मोजमाप करावं लागतं.

पाण्याची पातळी थेट आकाशातून मोजणारे उपग्रहही आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये गेलेला स्वॉट हा अमेरिका आणि फ्रान्सचा उपग्रह पसारा आणि पातळी दोन्ही एकाच वेळी मोजतो, त्याच कक्षेवर तो २१ दिवसांनी परत येतो. त्याआधीच्या उपग्रहांनी मोजलेल्या तलावांच्या पातळ्या डाहिती आणि हायड्रोवेब या संकेतस्थळांवर बघायला मिळतात. आपलं धरण त्यांच्या यादीत आहे का, ते आधी बघून घ्या.

९. काठावर जा

फोटो ज्या दिवशीचा आहे त्याच दिवशी काठावर जा. उपग्रहाच्या फेऱ्यांच्या तारखा आधीच कळतात, सेंटिनेल-२ च्या फेरीत पाच दिवस मिळवत जायचं. सकाळी अकराला पाण्याच्या कडेला एक खुंटी ठोका, मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश घ्या आणि काठाचा फोटो काढा. पुढच्या फेरीला दुसरी खुंटी. दोन खुंट्यांमधलं अंतर टेपने मोजा. मग घरी येऊन नकाशावरचं अंतर मोजा. मोबाइलची जागा चार-पाच मीटर इकडे-तिकडे होते, तेवढं सोडून द्या. फरक दोन ठोकळ्यांच्या वर गेला तर तुमची सीमा चुकली आहे, चौथ्या पायरीवर परत या.

वहीत प्रत्येक तारखेला एवढं लिहा: उपग्रहाचं नाव, तारीख, ढग किती, कुठला निर्देशांक, सीमेचा आकडा, पसारा, त्या दिवशीची सरकारी पातळी, जलपर्णी होती का, वारा कसा होता. माझ्या वहीत आता आमच्या फाट्याच्या खुंट्यांची ओळ आहे, पहिली बांधाजवळ आणि शेवटची जुन्या पात्राच्या काठावर. दर फेब्रुवारीत मी गेल्या वर्षीचं आणि त्याच्या आदल्या वर्षीचं पान उघडते, त्या दिवशीची पातळी जुळवते आणि भावाला पाइपांचा आकडा सांगते. त्याआधी फॉल्स कलरचे लागोपाठचे दोन फोटो लावून जलपर्णी बघून घेते.